अव्वाच्या टीव्हीतली लाल गाडी

परवा माझा धाकटा भाऊ प्रसेनजीत पुण्यास्नं एक सीडी घेऊन आला. कॉम्प्युटरात घातली आणि मला हाक मारली, "ताई, इकडं ये. आपल्या दुकानातली गेम. सेम टू सेम. आता घरात बसून खेळायची."

बघितली. तोच समुद्र, तोच रस्ता, तीच लाल गाडी. ढगसुद्धा तेच. मी जरा वेळ बघितलं आणि म्हटलं, "चांगली हाय की. हिच्यावर अजून कुणी नारळ फोडलेला न्हाय, म्हणून नीट चालतीया."

तो हसला. त्याला थोडंफार आठवत असणार, तेव्हा तो बारका होता. मला मात्र सगळं आठवतं. माझा राग आधीपासूनच स्टोव्हसारखा, पंप मारायचा अवकाश. आणि त्या दसऱ्याला तर असा भडकला होता की काही विचारू नका.

शहाण्णव सालची गोष्ट आहे. माझे वडील जयसिंग, आम्ही त्यांना आबा म्हणतो. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत मोल्डिंगला होते. वाळू दाबून साचा करायचा आणि त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं, हे काम. ती बारीक वाळू नाकातोंडात जाऊन जाऊन आबांची छाती गेली. जिना चढले तरी भात्यासारखा आवाज यायचा. डॉक्टरनं तोंडावर सांगितलं, "जयसिंगराव, परत त्या धुळीत गेलासा तर मी औषध देणार न्हाय. हार घेऊन घरी येईन." कोल्हापूरचाच डॉक्टर, त्याला गोड बोलायला कुठून येणार?

आबांनी फौंड्री सोडली. सुटताना जे हातात आलं ते सगळं एका मशीनवर घातलं. नातेवाईक म्हणाले, पीठगिरणी टाक. आबा म्हणाले, "पुन्हा धूळच की ती." मुंबईहून टेम्पोत घालून त्यांनी आणली ती व्हिडिओ गेम. साधी उभं राहून खेळायची नव्हे हां! बसायला सीट, गोल स्टिअरिंग, पायाला पेडल, हाताला गिअर. स्क्रीनमध्ये लाल गाडी. समुद्राच्या कडेनं सुसाट जायचं, वेळ संपायच्या आत पुढची कमान गाठायची, कमान गाठली की वेळ वाढवून मिळायचा. पुढं रस्त्याला फाटे फुटायचे. डावीकडचा सोपा, उजवीकडचा घाटाचा.

उद्यमनगरच्या तोंडाशी आमची एक खोली होती, तिथं दुकान मांडलं. उद्यमनगर म्हणजे दिवसभर लेथ, ड्रिल आणि ग्राइंडरची किरकिर. त्यात आमच्या दुकानातनं गाडीचा आवाज आणि गाणं. शाळा सुटली की पोरांची ही रांग लागायची! आबा स्टुलावर बसून नाणी घ्यायचे, पोरांना दटवायचे, आणि संध्याकाळी त्यांचा श्वास सकाळी होता तसाच असायचा. आम्हाला आणखी काय पाहिजे होतं?

आणि सांगायला लाजायचं कशाला, त्या गाडीवर माझा हात कुणी धरत नव्हतं. मी दहावीला होते. उजवीकडच्या घाटानं जाऊन मी शेवटच्या कमानीपर्यंत पोचायची. मोठमोठी पोरं मागं उभी राहून बघायची आणि वर म्हणायची, "पोरगी हाय म्हणून मशीन सोडतंय तिला." आयला, मशीनला काय कळतंय?

आमच्या समोर नागाप्पाअण्णांचं लेथचं वर्कशॉप. ते, त्यांचा मुलगा मल्लेश, आणि नागाप्पाअण्णांची बायको शांतव्वा. सगळी गल्ली तिला अव्वा म्हणायची. माहेर नेसरीचं. कपाळावर विभूती, बोलणं अर्धं मराठी अर्धं कानडी, आणि दोन्ही मोठ्यानं. माझी आई अंजना बालवाडीत शिकवायला जायची, तेव्हा दुपारची आम्ही भावंडं अव्वाकडंच जेवायचो. मला ती 'मगळे' म्हणायची. कानडीत लेकीला म्हणतात तसं.

आमच्या गाडीचं अव्वाला भारी कौतुक. कधी खेळली नाही, पण दारात उभी राहून बघायची. मी गाडी वळवली की तीसुद्धा वळायची. "अय्योय्यो, सावकाश गं! समोरनं ट्रक आलाय!" म्हणून ओरडायची. पोरं हसायची. तिला त्याचं काही नव्हतं.

आता दसरा. आम्ही बौद्ध. आमचा दसरा म्हणजे नागपूर, दीक्षाभूमी. त्या वर्षी धम्मदीक्षेला चाळीस वर्षं होत होती, म्हणून घरातले सगळे निघालो. महाराष्ट्र एक्स्प्रेसला जागा धरायची, भाकरी बांधायच्या, ही गडबड. निघताना आबांनी दुकानाची चावी अव्वाकडं दिली. बाहेरगावी जाताना चावी अव्वाकडं, हे आमचं ठरलेलंच.

"जावा बिनघोर," अव्वा म्हणाली. "गाडीकडं मी बघतो."

अव्वा 'बघतो'च म्हणायची. आमच्याकडच्या बायकांचं बोलणंच तसं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. उद्यमनगरात त्या दिवशी काम बंद. सगळी मशीनं धुवून पुसून ठेवायची, झेंडूचे हार घालायचे, हळदकुंकू लावायचं, अव्वाच्या घरी विभूतीचे पट्टे ओढायचे, नारळ फोडायचा आणि ते पाणी मशीनवर शिंपडायचं. लेथवर, ड्रिलवर, अगदी पान्या-पक्कडीवरसुद्धा. वर्षभर जे पोटाला घालतं त्याचा मान त्या दिवशी. गल्लीतलं एकही मशीन बिनहाराचं राहत नाही.

आम्ही नागपूरहून परत आलो ते डोळ्यांत झोप घेऊन. स्टेशनवरनं थेट दुकानाकडं, कारण पोरं दारात बसलेली. अव्वा धावत आली. नवं लुगडं, तोंडभर हसू, हातात चावी.

"उघडा, उघडा! बघा तरी!"

शटर वर केलं आणि मी तोंडात बोट घातलं. काय सजवली होती! स्टिअरिंगला झेंडूचा हार, सीटवर आंब्याची डहाळी, पेडलवर हळदकुंकू, आणि स्क्रीनच्या काचेवर विभूतीचे तीन पट्टे. नव्या नवरीसारखी दिसत होती गाडी. खोटं कशाला बोलू, मला छान वाटलं.

"सगळ्या गल्लीच्या मशिनी नटल्या," अव्वा म्हणाली, "आणि जयसिंगाचीच गाडी मोकळ्या गळ्यानं बसायची व्हय? मला बघवंना. नारळ पण फोडला. चांगला पाणीदार होता. सगळीकडनं शिंपडलं, वरनं, मागनं. कुठं कमी ठेवलं न्हाय."

आबांचा हात स्विचवर होता. तिचं बोलणं त्यांना पुरतं कळायच्या आत बोटानं स्विच दाबला गेला.

फट्ट!

मागनं निळी ठिणगी, मग धूर. जळल्याचा वास. काच काळी ती काळीच. अव्वाचं हसू तोंडावर तसंच राहिलं, तिला कळलंच नव्हतं काय झालं.

आबांनी प्लग उपसला आणि मागची फळी काढली. आत हिरवा बोर्ड, त्यावर नारळाचं पाणी वाळून चिकट झालेलं, आणि त्याला मुंग्या लागलेल्या. एका बाजूला सगळं काळं पडलेलं.

माझ्या डोक्याचा स्टोव्ह पेटला. मी तिला कायम 'अव्वा, तू' म्हणायची. त्या दिवशी पहिल्यांदा 'तुम्ही' म्हटलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं? आमच्यात करत न्हाईत हे! तुमच्या मशिनीला काय घालायचं ते घाला, आमच्या गाडीला कशाला हात लावलासा?"

"अक्षता, गप!" आबा ओरडले आणि खोकल्याची उबळ आली.

अव्वा भिंतीला टेकली. "लेथवर घालतोय की गं मगळे," ती हळू म्हणाली. अव्वाचा हळू आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. "दर वरसाला घालतोय. लेथ कधी बंद पडला न्हाय."

चावी कट्ट्यावर ठेवली आणि ती गेली. त्या दिवसापासनं वर्षभर तिनं आमच्या दुकानाचा उंबरा ओलांडला नाही.

मेकॅनिक आला, त्यानं बोर्ड उलटापालटा केला आणि मान हलवली. मुंबईच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, हे मॉडेल जुनं, बोर्ड कुठं मिळायचा नाही, भंगारात घाला. रोज दुपारी पोरं यायची, बंद शटर बघायची आणि जायची.

मग एका संध्याकाळी मी घरात शिरले तर आई मोरीत बसून काहीतरी घासत होती. बघते तर आबांचे फौंड्रीतले खाकी कपडे. ठिणग्यांनी भोकं पडलेली ती पँट, तो शर्ट. माळ्यावर टाकलेले होते, ते खाली आले होते. आई कपडे घासत होती आणि रडत होती.

"ठेकेदारानं बोलावलंय," ती म्हणाली. "दिवाळी झाली की यायला सांगितलंय."

"आणि डॉक्टर?"

आईनं पँट पिळली आणि दोरीवर टाकली. मला ती ओली पँट बघवेना. बाहेर आले तर आबा पायरीवर बसलेले. मी म्हटलं, "आबा, तुमी जाऊ नका." ते म्हणाले, "मग काय खायचं, स्टिअरिंग?" हसायला गेले आणि खोकत बसले. खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं, अव्वानं आमच्या आबांना मारलं. इतका राग मी कुणाचा केला नाही.

आणि नेमकी दुसऱ्या दिवशी ती आली. दुकानात नाही, घरी, मागच्या दारानं. पदराखाली एक खोका.

"लक्ष्मीपुरीत गेलतो," ती माझ्याकडं न बघता आईला म्हणाली. "दुकानदाराला सांगितलं, लाल गाडी, समुद्र, कमानी. तो म्हणाला, हाय की मावशी, घरात खेळायची हाय. घेऊन आलो."

खोक्यात टीव्हीला जोडायचा गेमचा डबा होता. तेव्हा पोरांकडं असायचा तसला, वायरचे दोन रिमोट आणि एक पिवळी कॅसेट. प्रसेनजीत उडी मारून पुढं आला. त्यानं आमच्या ब्लॅक अँड व्हाईट टीव्हीला जोडला. टिंव टिंव आवाज झाला. गेम तीच होती म्हणा, पण कसली! गाडी काडेपेटीएवढी, झाडं चौकोनी, ढग गायब, आणि आमच्या टीव्हीवर ती लालसुद्धा दिसत नव्हती.

"तीच हाय न्हवं?" अव्वानं विचारलं.

"ही न्हाय ती!" मी म्हटलं. "ह्याला काय स्टिअरिंग हाय? असं बटनं दाबून कुणी गाडी चालवतंय? घेऊन जावा."

रागानं मी रिमोट जमिनीवर आपटला. त्याचं झाकण निघालं आणि दोन तुकडे झाले.

अव्वा रिमोटचे तुकडे वेचायला खाली वाकली. मला लाज वाटली म्हणा, राग आला म्हणा, मीही वाकले आणि तिच्या हातातनं तुकडे काढून घेतले. तेव्हा आतलं दिसलं. काहीच नव्हतं हो आत! डावं-उजवं बटण म्हणजे नुसत्या दोन पट्ट्या. चिकटल्या की गाडी वळते. बोटानं दाबा, नाहीतर काडीनं दाबा, तिला कुठं कळतंय कुणी दाबलं ते.

मी खाली बसूनच विचार करायला लागले. मग बोलले, "आणि स्टिअरिंगनं दाबलं तर?"

"काय?" आई म्हणाली.

मी उत्तर द्यायला थांबले नाही. तुकडे घेऊन तशीच अनवाणी मल्लेशच्या वर्कशॉपात पळाले. तो लेथवर होता. त्याला सांगितलं, आपल्या गाडीचं डोकं जळलंय, पण हातपाय धड हायत. स्टिअरिंग डावीकडं फिरलं की ही पट्टी चिकटली पाहिजे, उजवीकडं फिरलं की ती. पेडल दाबलं की हे बटण. जमंल?

मल्लेशनं लेथ बंद केला. अव्वानं केलेल्या घोळापासनं तो आमच्याकडं डोळे वर करून बघत नव्हता. त्यानं रिमोट उलटा करून बघितला.

"व्हय की," तो म्हणाला. "एवढंच?"

एवढंच म्हणून तो कामाला लागला आणि मग दिवाळीपर्यंत आम्ही त्यात होतो. त्यानं पितळेच्या पट्ट्या कापल्या, स्टिअरिंगच्या दांड्याला एक उंचवटा बसवला, चाक सोडलं की आपोआप सरळ व्हावं म्हणून दोन्हीकडं स्प्रिंगा लावल्या. मी वायरी जोडत होते. आबा सुरुवातीला लांबनं बघत होते, मग स्टूल ओढून जवळ बसले, आणि मग म्हणाले, "बाजूला सर, असं न्हवं, इकडं दे ती पक्कड."

अडलं ते टीव्हीवर. मशीनच्या जुन्या स्क्रीनवर ती कॅसेट लागेना. आमचा टीव्ही काळापांढरा, आणि काळ्यापांढऱ्या लाल गाडीत कोण बसणार? नवा रंगीत घ्यायची आमची ऐपत नव्हती. आबा म्हणाले, "झालं ते झालं. मी फौंड्रीचं बघतो." खाकी कपडे वाळून, घडी होऊन खुंटीवर लटकत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाच्या पायरीवर अव्वाचा टीव्ही.

अव्वाचा टीव्ही म्हणजे काय, ते गल्लीला विचारा. रंगीत, मोठा, वर क्रोशाचं झाकण. संध्याकाळी कानडी मालिका लागली की अव्वाला हाक मारायची कुणाची छाती नव्हती. नागाप्पाअण्णासुद्धा पाणी स्वतःच्या हातानं घ्यायचे. तो टीव्ही झाकणासकट आमच्या पायरीवर, आणि अव्वा रस्त्याच्या पलीकडं स्वतःच्या दारात उभी.

आबा ओरडले, "अव्वा, हे न्हाय चालणार! उचला परत!"

"मी न्हाय उचलत," ती तिकडनं ओरडली. सगळी गल्ली ऐकत होती. "पायरीवर ठेवलाय, पावसात भिजू दे न्हायतर आत घ्या! मी काय तुमच्या दुकानात यायची न्हाय!"

"अहो, तुमच्या मालिका?"

"मालिका कुठं पळून जात्यात? त्यातल्या बाया काल पण रडत होत्या, उद्या पण रडतील!"

गल्ली खदखदून हसली. आबा हसले नाहीत. त्यांनी क्रोशाचं झाकण काढलं, नीट घडी केली आणि माझ्या हातात दिलं. मग त्यांनी आणि मल्लेशनं मिळून टीव्ही आत घेतला.

पहिल्यांदा चालू केलं तेव्हा मी सीटवर. मल्लेश मागं वायरींत बसलेला. पेडल दाबलं, गाडी सुटली. अहाहा! मी स्टिअरिंग उजवीकडं वळवलं, आणि गाडी डावीकडं गेली ती थेट समुद्राच्या कडेच्या झाडात! पुन्हा वळवलं, पुन्हा झाडात. मल्लेशनं वायरी उलट्या जोडल्या होत्या. म्हणजे मीच जोडल्या होत्या, पण ते आपण त्याच्यावर घालू. आबा इतके हसले की त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला.

दिवाळीच्या सुट्टीत शटर वर गेलं. पहिल्या दिवशी पोरं आली, वाकून बघितलं. एक शहाणा म्हणाला, "ही तर घरातली गेम हाय. आमच्यात पण हाय ही कॅसेट."

मी म्हटलं, "मग जा की घरी. स्टिअरिंग हाय घरात?"

तो गेला नाही. बसला, गिअर टाकला, पेडल दाबलं, आणि उठायलाच तयार नाही. मागं रांग. ज्यांच्याकडं घरी तीच कॅसेट होती ती पोरं तर आधी यायची, त्यांना रस्ता पाठ होता, फक्त चाक पाहिजे होतं. आठवड्यात रांग पार नागाप्पाअण्णांच्या दारापर्यंत गेली. ठेकेदाराचा निरोप आला तेव्हा आबा म्हणाले, "सांगा, जयसिंगाला वेळ न्हाय." आईनं खुंटीवरची खाकी पँट काढली, टराटरा फाडली आणि मल्लेशला मशीन पुसायला दिली. काय आनंद झाला मला त्या आवाजाचा!

पण अव्वा काही आली नाही. रस्त्याच्या पलीकडनं बघायची. आत तिचाच टीव्ही, त्यावर दिवसभर तीच गाडी. संध्याकाळी मालिकेच्या वेळी ती दारात बसून शेंगा सोलायची. मी 'या' म्हणायची नाही, ती यायची नाही. जेवायला आम्ही जायचो, ती वाढायची, पण 'मगळे' म्हणायची नाही. माझा राग केव्हाच विझला होता हो, पण तो विझला हे सांगायचं कसं, ते मला येत नव्हतं. भांडायला मी एक नंबर, पण भांडण मिटवायला कुणी शिकवलंच नव्हतं.

असं करता करता पुढचा दसरा आला. पुन्हा नागपूर, पुन्हा भाकऱ्या. निघायच्या दिवशी आबांनी दुकानाची चावी माझ्या हातात ठेवली.

"अव्वाला देऊन ये."

मी चावी परत त्यांच्यापुढं धरली.

"चावी अव्वाकडं असत्या," आबा म्हणाले. "जा."

रस्ता ओलांडला. अव्वा झेंडूच्या माळा ओवत बसली होती. मी चावी पुढं केली. तिनं हात मागं घेतले, जणू तापलेली सळई.

"न्हाय गं बाई. दुसऱ्या कुणाला दे. माझ्या हातानं पुन्हा काय तरी व्हायचं."

"घे की."

"न्हाय म्हटलं न्हवं?"

मला पुन्हा राग आला. पण हा वेगळा होता. "अव्वा, आत टीव्ही कुणाचा हाय?" मी ओरडले. "तुझा! स्टिअरिंगचा दांडा कुणाच्या लेथवर झाला? तुझ्या! मग सगळ्या गल्लीच्या मशिनी नटणार आणि आपलीच गाडी मोकळ्या गळ्यानं बसायची व्हय? कोण घालणार तिला हार? मी? मला माळ तरी ओवता येत्या का?"

अव्वानं झेंडूनं पिवळी झालेली बोटं लुगड्याला पुसली आणि चावी घेतली. "जावा," ती म्हणाली, "गाडी चुकंल."

नागपूरहून परत आलो. दारात पोरं, आणि अव्वा उंबऱ्याबाहेर. शटर वर केलं, आणि मला हसू आवरेना. तिनं अख्खं मशीन प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलं होतं, वरनं सुतळी बांधली होती. हार त्या कागदावर. विभूतीचे तीन पट्टे कागदावर. आणि नारळ? तो तिनं रस्त्याच्या पलीकडं, स्वतःच्या दारात फोडला होता. करवंट्या तिथंच पडल्या होत्या. आमच्या वाटणीचं खोबरं मात्र ताटलीत काढून ठेवलेलं.

आबांनी सुतळी सोडली, कागद काढला आणि स्विचवर हात ठेवला. अव्वानं डोळे गच्च मिटले आणि दोन्ही कानांवर हात दाबले.

टिंव टिंव. लाल गाडी आली.

"अव्वा, डोळे उघड," मी म्हटलं.

तिनं एक उघडला, मग दुसरा. आणि मी तिचा हात धरून तिला उंबऱ्याच्या आत ओढलं. सरळ सीटवर बसवलं. "अय्योय्यो, मला काय कळतंय ह्यातलं!" म्हणत ती बसली, आणि बसल्यावर स्टिअरिंग दोन्ही हातांनी असं धरलं की सोडवायला पक्कड लागली असती.

तिनं गाडी इतकी सावकाश चालवली की मागच्या सगळ्या गाड्या पुढं निघून गेल्या. पोरं ओरडायला लागली, "अव्वा, पेडल दाब! पुढं गेल्या सगळ्या!"

"जाऊ देत की," अव्वा म्हणाली. "त्यांस्नी कामं असत्याल."

पुढं रस्त्याला फाटा फुटला. अव्वानं वळून मला विचारलं, "मगळे, नेसरीला कुठनं जायचं?"

मी नुसतं उजवीकडं बोट दाखवलं. तिनं चाक वळवलं, तीही सगळी वळली, आणि घाटाच्या पहिल्याच वळणावर वेळ संपला. गाडी थांबली.

"संपलं? आत्ता कुठं फाट्याला आलतो की मी!"

स्टुलावर बसलेले आबा हसायला लागले. हसता हसता खोकले, पाणी प्यायले आणि पुन्हा हसले. दारातली पोरं हसली, आई हसली. अव्वा मात्र गंभीर होती. स्टिअरिंग न सोडता तिनं माझ्याकडं बघितलं.

"परत नाणं घाल," ती म्हणाली. "ह्या खेपेला मी ट्रकाच्या पुढं जातो."